युरोपची भाऊबंदकी आणि शरयूताई

"आत्यानं भाचीचं डोकं उडवलं."

माझ्या लेकीच्या तोंडून निघालेलं हे पहिलं सबंध मराठी वाक्य. आम्ही सिंगापुरात, पुंगोलच्या एलआरटीत, म्हणजे छोट्या मेट्रोत होतो, डब्यात आणखी एक मराठी कुटुंब होतं, आणि तन्वी खिडकीबाहेर बघत अगदी निवांतपणे मला हे सांगत होती. तोवर तिचं मराठी "मम्मा, आय वॉन्ट पाणी" यापुढे गेलेलं नव्हतं. समोरच्या बाईंनी आपल्या मुलाला हळूच जवळ ओढलं. खरं तर मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायला हवं होतं, पण मला आनंदच झाला. कार्टी 'आत्यानं' म्हणाली होती. 'आंटी' नव्हती म्हणाली.

हा सगळा प्रताप शरयूताईंचा.

शरयूताई मूळच्या मिरजेच्या. तिथल्या कॉलेजात त्यांनी जन्मभर इतिहास शिकवला. यजमान गेले आणि त्याच वर्षी नात झाली, म्हणून एकुलत्या एका मुलाकडे, अनिरुद्धकडे, सिंगापूरला आल्या. आमच्याच ब्लॉकमध्ये, आमच्या वर दोन मजले. ठेंगण्याठुसक्या, पायात कापडी बूट, साडीवर कायम एक राखाडी स्वेटर, कारण सिंगापुरात बाहेर उकडतं आणि आत थंडी वाजते, हे त्यांनी पहिल्या दिवशीच ओळखलं होतं. इतिहासाची बाई म्हटल्यावर लोक मराठेशाहीवर बोला म्हणायचे. त्या म्हणायच्या, "तिचं बघायला अख्खा महाराष्ट्र बसलाय. या बिचाऱ्यांचं मराठीत कोण बघणार?"

'हे बिचारे' म्हणजे सोळाव्या शतकातले युरोपातले राजे आणि राण्या. त्यांची लग्नं, त्यांची मरणं, आणि गादीवर कोण बसणार यावरून झालेल्या मारामाऱ्या. शरयूताईंना त्यांच्या लढायांत काडीचा रस नव्हता. तोफा कुठं डागल्या विचारलं तर म्हणायच्या, "असतील कुठंतरी डागल्या." पण कुणाची मावशी कुणाला दिली होती, ते झोपेतून उठवून विचारा.

नावं मात्र कधी घ्यायच्या नाहीत. "नावांत काही अर्थ नाही गं. सगळ्या मेऱ्या नाहीतर कॅथरिना. नातं सांग, म्हणजे माणूस कळतं." त्यामुळे इंग्लंडचा तो प्रसिद्ध राजा आमच्याकडे 'सहा लग्नांवाले' या आदरार्थी नावानं ओळखला जाई. त्याच्या बायका पहिली ते सहावी. मुली थोरली आणि धाकटी.

आणि 'कझिन' या शब्दाशी त्यांचं हाडवैर. इंग्रजी पुस्तकांत लिहितात की इंग्लंडच्या राणीनं आपल्या कझिनला, स्कॉटलंडच्या राणीला, वर्षानुवर्षं कैदेत ठेवून शेवटी मारलं. शरयूताई हे वाचून दाखवत आणि पुस्तक मिटत. "कझिन म्हणे. सहा लग्नांवाल्यांची मोठी बहीण स्कॉटलंडला दिली होती. म्हणजे धाकटीची आत्या. त्या आत्याचा मुलगा धाकटीचा कोण? आतेभाऊ. आणि स्कॉटलंडची राणी ही त्या आतेभावाची लेक. मग ती कझिन कुठली? भाची झाली. सख्खी नसेल, पण भाचीच. आणि दोघींनी जन्मात एकमेकींचं तोंड पाहिलं नाही. आत्यानं भाचीला न बघताच मारलं. हे इंग्रजीत कळतच नाही, त्यांच्याकडे शब्दच नाही त्याला."

रविवारचा मराठीचा वर्ग असा सुरू झाला. आमची मुलं इंग्रजी शाळांतली, घरी आई मराठीत विचारणार आणि हे इंग्रजीत उत्तर देणार. बाहेर तर सगळं जग अंकल आणि आंटी. टॅक्सीवाला अंकल, कॉफीवाली आंटी, आईची बहीण आंटी आणि बापाची बहीणही आंटी. शरयूताईंनी इमारतीखालच्या मोकळ्या जागेत सतरंजी टाकली, मुलांना चपला काढायला लावल्या आणि त्या चपलांचीच वंशावळ मांडली. वर दोन मोठ्या चपला, खाली तिघांच्या, त्याखाली आणखी. लग्न झालं की दोन चपला शेजारी. फारकत झाली की लांब. आणि मेलं की चप्पल उलटी. आमच्याकडे उलटी चप्पल दिसली की घरात भांडण होतं म्हणतात, तिथं तर सहा लग्नांवाल्यांच्या राज्यात चपलाच चपला उलट्या. मुलं रंगून जायची. एखादा पोरगा मधेच कंटाळून म्हणे, "दिस वन ऑलरेडी डाय, ला." लगेच शरयूताई, "कोण मेली? कोणाची कोण?" आणि त्याला उभं राहून सांगावं लागे, 'भावाची विधवा, म्हणजे राजाची वहिनी, तीच पुढे त्याची पहिली बायको.' एवढं सांगितल्याशिवाय चप्पल परत मिळत नसे. मुलं अनवाणी घरी जायला नको म्हणून मराठी शिकली.

अर्थात तक्रार आलीच. बँकेत मोठ्या हुद्द्यावर असलेले एक गृहस्थ खाली उतरले आणि म्हणाले, "ताई, मुलं संस्कारासाठी पाठवतो आम्ही. तुम्ही डोकी उडवताय."

"अहो, आपल्या पुराणांत काय पोळ्या लाटतात का?" शरयूताई म्हणाल्या. "बसा ना. आज थोरलीचं लग्न आहे. तिचा साखरपुडा झाला होता मावसभावाशी, आणि लग्न लागलं त्या मावसभावाच्या मुलाशी. सांगा बघू, नवरा तिचा नात्यानं कोण लागतो?"

ते गृहस्थ बोटांवर मोजत बसले. "भाचा?" म्हणाले शेवटी. पुढच्या रविवारी वर्ग सुरू व्हायच्या आधीच येऊन बसले होते. मला जरा हसू आलंच.

शरयूताईंना माहिती असलेलं सांगायला आवडे, त्याहून जास्त माहिती नसलेलं विचारायला. एकदा थोरलीच्या त्याच नवऱ्याचं, म्हणजे स्पेनच्या राजाचं, पुढचं चरित्र चाललं होतं. थोरली वारली, मग आणखी लग्नं, आणि शेवटचं लग्न स्वतःच्या सख्ख्या बहिणीच्या मुलीशी. "मामानं भाचीशी लग्न केलं," शरयूताई म्हणाल्या आणि मुलांनी "ई" केलं. शेजारच्या दगडी बाकावर आमच्या मजल्यावरच्या लेट्चुमी आंटी भाजी निवडत बसल्या होत्या. तमिळ बाई, जन्म इथलाच. त्यांनी विचारलं, काय झालं? तन्वीनं इंग्रजीत सांगितलं. लेट्चुमी आंटी म्हणाल्या, "सो? माय मदर ऑल्सो मॅरी हर मामा, वॉट."

मला वाटलं आता शरयूताई सारवासारव करतील. कुठलं काय. त्या सतरंजीवरून उठल्या आणि भाजी निवडायलाच बसल्या. म्हणजे आजी तीच आत्या झाली का? मग आईला सासू म्हणजे कोण? हाक काय मारायची? सासुरवास होतो का? लेट्चुमी आंटी हसत हसत सांगत होत्या, लग्नानंतर आई आजोळी गेली की सासरीही पोचायची, एकाच दाराला दोन्ही. शरयूताईंच्या चेहऱ्यावर असा आनंद होता, जणू कुणी त्यांना हरवलेली किल्ली आणून दिली. वर्ग तिथंच बुडाला. पुढच्या रविवारी मुलांना म्हणाल्या, "मागच्या खेपेला तुम्ही 'ई' केलंत आणि मी थांबवलं नाही. ती माझी चूक. आपल्याकडे मामाच्या मुलीशी चालतं, त्यांच्याकडे मामाशीच चालतं, आणि स्पेनच्या राजाला पोपची परवानगी लागली. नातं तेच, माणसं ठरवतात काय चालेल ते."

त्यांची सगळ्यात लाडकी मात्र चौथी. सहा लग्नांवाल्यांची चौथी बायको. जर्मनीतून आणलेली, भाषा न येणारी. राजाला पसंत पडली नाही आणि काही महिन्यांत त्यानं लग्न रद्द करवलं. ती भांडली नाही, रडत माहेरी गेली नाही. राजानं तिला बहीण म्हणून जाहीर केलं, राहायला घरं दिली, आणि ती तिथंच राहिली. सावत्र लेकींकडे येई-जाई. पाचवीबरोबर दरबारात नाचली. थोरली गादीवर बसली त्या दिवशी मिरवणुकीत धाकटीच्या शेजारी हीच बसली होती. "विचार कर मंजू," मला म्हणायच्या, "आदल्या वर्षीची बायको, आता पाचवीची नणंद. आणि सगळ्यांनी ते मानलं. कशी काय जमवली असेल तिनं ही कसरत? सकाळी उठल्यावर तिला स्वतःला काय वाटत असेल, आपण कोण म्हणून?"

हा प्रश्न त्यांच्याच घरात येऊन बसेल, असं तेव्हा आमच्या स्वप्नातही नव्हतं.

अनिरुद्ध आणि त्याची बायको केतकी यांचं पटेनासं झालं. ओरडाआरडा नाही, भांडीकुंडी नाही, दोन शहाणी माणसं शांतपणे वेगळी झाली. त्यांची लेक ईरा आईकडे राहिली आणि दोघी हौगांगला राहायला गेल्या. आमच्या मंडळींना चघळायला विषय मिळाला. कुणीतरी शरयूताईंना विचारलंही, "ताई, तुम्ही कोणाच्या बाजूनं?" त्या म्हणाल्या, "नातीच्या." तेवढ्यावर ते थांबलं. केतकी दर रविवारी बसनं ईराला वर्गाला आणून सोडायची, सासूच्या पाया पडायची नाही, पण डबा द्यायची. शरयूताई डबा घ्यायच्या आणि रिकामा कधी परत करायच्या नाहीत.

मग एकाच महिन्यात दोन बातम्या आल्या. अनिरुद्धला फ्रँकफर्टला नोकरी लागली. शरयूताईंचा इथं राहायचा पास मुलाच्या नोकरीवर होता, तो जाणार म्हणजे ह्यांनाही जावं लागणार. आणि केतकीनं लग्न ठरवलं. सुहास म्हणून नागपूरचा मुलगा, स्वभावानं गरीब, आई बरोबर राहणारी. केतकीला स्वतःचे आईवडील नव्हते, त्यामुळे ईराला आजी म्हणून एवढ्या शरयूताईच होत्या. आता घरात दुसरी आजी येणार होती.

आम्ही दोघी खालच्या हॉकर सेंटरमध्ये कॉफी पीत बसलो होतो. शरयूताईंनी कप तसाच ठेवला होता.

"मला गादी नको, मान नको," त्या म्हणाल्या. "मुलाचं लग्न मोडलं तेही गिळलं. पण ईरा आठ वर्षांची आहे. या वयात माणसं विसरायला वेळ लागत नाही. नवी आजी रोज केस विंचरणार, मी वर्षातून एकदा फोनवर दिसणार. हळूहळू मी तिची मिरजेची कुणीतरी आंटी होईन. त्याचीच भीती वाटते गं मला, बाकी कशाची नाही."

काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, "तुमच्या चौथीचं बघा ना. तिचं राहिलंच की नातं."

"तिचं राहिलं कारण राजानं हुकूम काढला," त्या म्हणाल्या. "इथं हुकूम कोण काढणार?"

लग्नाचं आमंत्रण केतकीनं स्वतः येऊन दिलं. माजी सुनेच्या लग्नाला सासूनं जावं का, यावर आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दोन दिवस धुमश्चक्री चालली. शरयूताई ग्रुपवर नव्हत्या, त्यामुळे त्यांनी इस्त्रीची साडी काढली. मला म्हणाल्या, "तू चल बाई सोबत. मला तिथं कोणाशेजारी बसायचं तेच कळायचं नाही."

लग्न हौगांगच्या फ्लॅटमध्येच होतं. लग्न लावणारे अधिकारी घरी आले, सह्या झाल्या, हार घातले, पेढे वाटले. पंधरावीस माणसं, फ्लॅट भरला. आम्ही स्वयंपाकघराच्या दाराशी उभ्या होतो. सुहासच्या आई, विमलताई, सगळ्यांची ओळख करून घेत आमच्यापर्यंत आल्या. उंच, सावळ्या, नाकात लखलखीत खडा, आवाज दणदणीत. "आणि ह्या कोण?"

केतकीनं तोंड उघडलं आणि मिटलं. तिच्या हातातला पेढ्यांचा डबा तसाच राहिला. सगळ्या युरोपची नाती पाठ असलेली बाई माझ्या शेजारी उभी होती. तिनं केतकीकडे बघितलं आणि म्हणाली, "मी शेजारीण. पुंगोलची."

आयुष्यात कुणाला 'कझिन' म्हणू न दिलेल्या बाईनं हे स्वतःबद्दल म्हणावं, आणि तेही मंगल कार्यात अडचण नको म्हणून. विमलताई "बरं बरं" म्हणून पुढे जाणार, तेवढ्यात आतून ईरा धावत आली. नऊवारी नेसवलेली, वेणी सुटलेली. "आजी, हे लूज झालं, परत घाल ना," म्हणाली आणि शरयूताईंना पाठ करून जमिनीवर बसली. शरयूताईही खाली बसल्या. काय करणार? केस हातात घेतले आणि वेणी घालायला लागल्या. वेणी नीट येत होती.

विमलताई तिथंच उभ्या राहिल्या. "शेजारीण काय," एवढंच म्हणाल्या. शरयूताईंनी मान वर केली नाही. मग विमलताईंनी आपला भरजरी पदर सावरला आणि त्याही फतकल मारून खाली बसल्या. "मला तिन्ही पोरंच," म्हणाल्या. "वेणी कधी घातलीच नाही. हे तीन पेड कसे धरता तुम्ही, दाखवा जरा. आणि ही रात्री भिते का? अंधारात झोपते का दिवा लागतो?"

"बाथरूमचा दिवा," शरयूताई म्हणाल्या. "आणि दार अर्धं उघडं."

बराच वेळ त्या दोघी तशाच खाली बसल्या होत्या. लोक त्यांना ओलांडून जेवायला जात होते.

महिन्याभरात शरयूताई मिरजेला परत निघाल्या. अनिरुद्ध आधीच फ्रँकफर्टला पोचला होता. चांगी विमानतळावर केतकी, सुहास, ईरा, तन्वी आणि मी. गुडघ्यांमुळे त्यांच्यासाठी चाकाची खुर्ची मागवली होती, आणि ती ढकलायला एक वयस्कर मलय गृहस्थ आले होते. मुलींना त्यांनी जवळ घेतलं, मला म्हणाल्या, "वर्ग बंद पाडू नकोस." मग खुर्ची फिरली. काचेपलीकडे जाईपर्यंत आम्ही हात हलवत होतो, पण त्यांचं आमच्याकडे लक्षच नव्हतं. त्या मान पूर्ण मागे वळवून त्या गृहस्थांना काहीतरी विचारत होत्या. ते बोटं मोजून सांगत होते. नंतर ईरानं मला उलगडून सांगितलं, कारण पासपोर्टच्या रांगेपर्यंत ती त्यांच्या बरोबर होती. मलय घरांत आईच्या थोरल्या बहिणीला एक हाक, मधलीला वेगळी आणि धाकटीला आणखी वेगळी असते म्हणे. आजी विचारत होती, मग मधल्या दोन असल्या तर? मी त्यांना शेवटचं पाहिलं ते असं, पाठमोऱ्या, खुर्चीतून अर्ध्या उठलेल्या, उत्तरासाठी ताटकळलेल्या.

पुढे त्यांच्याशी अधूनमधून फोन व्हायचा. तब्येतीचं विचारलं तर पोपचं सांगायच्या. ईराचं काय, केतकीकडे बोलणं होतं का, हे मी कधी विचारलं नाही. काही प्रश्न विचारायची हिंमत होत नाही, उत्तर काय येईल त्याची धास्ती असते. त्याही आपणहून काही बोलल्या नाहीत.

त्या वर्षी गणपतीच्या आदल्या दिवशी मी केतकीला फोन लावला. दरवर्षी आम्ही एकमेकींकडे दर्शनाला जातो, वेळ ठरवायची होती. फोन विमलताईंनी उचलला.

"केतकी आंघोळीला गेली. बोला."

"उद्या दर्शनाला कधी येऊ, विचारायचं होतं."

"यंदा आमच्याकडे गणपती नाही बसवत," विमलताई म्हणाल्या. "सुतक आहे."

"कोण गेलं हो?"

"म्हणजे तुम्हाला कळवलं नाही का कोणी? मिरजेच्या ताई. परवा पहाटे, झोपेतच. अनिरुद्ध पोचला तिकडे."

मी तिथंच खुर्चीत बसले. रडू यायच्या आधी माणसाच्या डोक्यात भलतंच काहीतरी येतं. माझ्या डोक्यात नात्यांचा हिशेब सुरू झाला. नातीला सुतक, बरोबर. मुलाला, बरोबर. पण केतकी आता दुसऱ्या घरची. आणि विमलताई, सुहास? त्यांचं तर शरयूताईंशी कुठल्याच बाजूनं काही लागत नाही. मला काय अवदसा आठवली कोण जाणे, मी बोलून गेले, "पण विमलताई, तुम्हाला कसं सुतक?"

"पोरीची आजी गेली," त्या म्हणाल्या, "मग घरात सुतक काहून नाही?"

त्या पुढे बोलत राहिल्या, घरातलं सांगावं तसं. मूर्ती सांगून ठेवली होती, ती नको म्हणून कळवलं. ईरा कालपासून नीट जेवत नाही. आणि सुहासनं दाढी केली नाही, दहा दिवस करणार नाही म्हणाला. ऑफिसात साहेबानं विचारलं, कोण गेलं? तर त्यानं सांगितलं, घरचं माणूस गेलं.